हरण्याचा गोळा

"घमेलं मागे घ्या काका, नाहीतर बैल हातचा जाईल," गुरांच्या डॉक्टर अर्शिया म्हणाल्या.

घमेल्यात कणीक-गुळाचा गोळा होता. कुशाबाने तो पाठीमागे लपवला. साठी उलटलेला माणूस, पण चोरून लाडू खाताना सापडलेल्या पोरासारखा उभा!

हरण्या त्याचा शर्यतीचा बैल. निरगुडसरच्या घाटात, शर्यतीच्या धावपट्टीवर, जोडीदार बैलाबरोबर त्याने कैक शर्यती मारल्या होत्या. जोडीदार दगावला आणि हरण्याने वैरण सोडली. कुशाबाचं काळीज तुटलं. शर्यतीच्या दिवसांतला गोळा त्याने पुन्हा सुरू केला, वर गूळ दुप्पट. हरण्या गोळा चाटूनपुसून खाई आणि कडब्याकडे ढुंकूनही बघत नसे.

"गोडाने मेंदूत सुखाचा रस सुटतो, तेवढ्यापुरतं दुःख विसरतं," डॉक्टर सांगत होत्या. "मग तो कडबा कशाला खाईल? कडबा पोटात सावकाश मुरतो. कणीक-गूळ झटक्यात आंबतो. पोट आंबलंय त्याचं."

"जित्राबालाबी मन आसतंय, ताई. त्येला न्हाई कसं म्हनू?"

"धन्यावर गेलाय!" चुलीजवळून प्रयागबाईने बायकोच्या हक्काने टोला हाणला. "ह्यांचा कपातला च्याबी पाकावानी लागतो. जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई."

गोळा बंद झाला. हरण्या दिवसभर हंबरत राहिला. संध्याकाळी कुशाबाने चहाची कपबशी परत सरकवली.

"त्येचं ग्वाड बंद, तर माजंबी बंद."

प्रयागबाई हसली. पण गडी खरंच हटला नाही. रोज दावणीपाशी बसून तो बाजरीची भाकरी मोडायचा, अर्धी स्वतः खायचा, अर्धी हरण्यापुढे धरायचा. हरण्या हुंगून मान फिरवायचा.

"येवढंच हाय रं बाबा. माज्याकडंबी दुसरं न्हाई."

एका सकाळी हरण्याने ती अर्धी भाकरी ओढून घेतली. मग कडब्यात तोंड घातलं. कुशाबा बैलाच्या गळ्यात पडून ढसाढसा रडला, आणि प्रयागबाईने धुराचं निमित्त करून डोळे पुसले.

पुढे काही वर्षांनी हरण्या म्हातारा होऊनच गेला. त्या पोळ्याला प्रयागबाईने कुशाबाच्या ताटात पुरणपोळी वाढली.

"खावा आता. आता कुनासाठी सोडायचं?"

तो ताट घेऊन गोठ्यात गेला. बराच वेळ झाला म्हणून ती बघायला गेली. पोळी तशीच होती. कुशाबाने जाताना टोपल्यातून उचललेली भाकरी मोडली होती आणि अर्धी रिकाम्या दावणीकडे धरली होती.

प्रयागबाई त्याच्याशेजारी बसली. तिने ती अर्धी भाकरी त्याच्या हातातून घेतली आणि खाऊ लागली.