वजनकाट्याचा ब्रेक

माणसाची खरी पारख संकटात होते, असं थोर लोक सांगून गेले आहेत. त्या थोर लोकांना साडू नसावेत. संकट येतं आणि जातं. साडू मात्र सासरच्या प्रत्येक जेवणाला समोरच्याच खुर्चीवर बसलेला असतो, आणि पारख तोंडी लावण्यासारखी चालूच राहते.

या घरातले थोरले जावई दातांचे डॉक्टर. धाकटे वजनमापं खात्यात निरीक्षक. दुकानादुकानांतून हिंडायचं आणि लोकांचे काटे खरं बोलतात का ते पाहायचं, हा त्यांचा पेशा. डॉक्टरांना लोक तोंड उघडून भेटत, निरीक्षकांना तोंड वाकडं करून.

एका रविवारी जेवता जेवता सासरेबुवांनी जाहीर केलं, की गुडघा आता क्लच दाबायला नाही म्हणतो. त्यांची गाडी जुनी होती, पण त्यांनी ती पोटच्या मुलीसारखी जपली होती. मुलींच्या मते, जरा जास्तच.

"जो जावई चांगली चालवतो, त्याला देईन," ते म्हणाले आणि पाणी प्यायले.

निरीक्षकांचा घास हातातच राहिला. लग्न झाल्यापासून त्या गाडीत ते मागच्या सीटवर, दोन पिशव्यांच्या मध्ये, मांडीवर डबा घेऊन बसत आले होते. पुढे, स्टिअरिंगला, डॉक्टर. सासरेबुवा दमले की डॉक्टर, सासरेबुवांना शिंक आली तरी डॉक्टर. निरीक्षकांना त्या गाडीचा पुढचा रस्ता कधी दिसलाच नव्हता. त्यांना फक्त डॉक्टरांची मान पाठ होती.

"चांगली चालवतो म्हणजे कशी, बाबा?" त्यांनी विचारलं.

"ते तुम्ही दोघं ठरवा."

दोघांची एकमेकांबद्दलची मतं तयारच होती. निरीक्षकांच्या मते डॉक्टर दात उपटल्यासारखी गाडी चालवत, आधी हिसका आणि मग विचारपूस. डॉक्टरांच्या मते निरीक्षक गाडी चालवतच नसत, तपासत.

"रस्त्यावर शर्यत लावणं काही बरं दिसणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण मी नुकताच टीव्हीवर गाडी पळवायचा रेसिंग सिम्युलेटर घेतलाय. तयार. खोक्यातून काढायचा आणि बसायचं. या तुम्ही आमच्याकडे."

"तुमच्या घरी, तुमच्या यंत्रावर?" निरीक्षक म्हणाले. "दुकानदाराच्या काट्यावर दुकानदाराचंच वजन? ते नाही चालायचं. मी माझा बनवतो. इंटरनेटवरून खेळू."

"बनवता? कशाचा?"

"घरात काय कमी आहे?"

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. घरात काय काय कमी होणार आहे, याचा तिला अंदाज आला होता.

पुढचा महिनाभर ते घर वेगाच्या सेवेत रुजू झालं. चौकट पाहुण्यांच्या लोखंडी कॉटची झाली. तिचे पाय कापल्यावर ती बरोबर रेसिंगच्या उंचीला आली आणि पाहुण्यांच्या कामातून गेली. सीट भंगारवाल्याकडून आणली. तिची पाठ टेकवायची कळ तुटलेली होती, त्यामुळे जोरात ब्रेक मारला की निरीक्षक आडवे होत आणि उरलेलं वळण छताकडे बघत घेत. शेवटी पाठीमागे तांदळाचा डबा लावला. स्टिअरिंग कुणीतरी वापरून कंटाळलेलं, जाहिरात बघून मिळवलेलं. ते डावीकडे ओढायचं.

"मूळ मालक डावखुरा असेल," निरीक्षक म्हणाले.

अ‍ॅक्सिलरेटर मात्र त्यांच्या प्रतिभेचा खरा आविष्कार होता. विजेच्या शिलाई मशीनचं पायाने दाबायचं पेडल जितकं दाबाल तितका वीजप्रवाह वाढवतं, हे त्यांच्या लक्षात आलं, तेव्हा धाकटी शेजारणीच्या ब्लाउजची बाही लावत होती.

"अहो, निम्मी बाही राहिलीये!"

"शर्यतीनंतर लाव."

"तोवर त्यांनी हात कुठे घालायचा?"

राहिला ब्रेक. चांगला ब्रेक पाय किती खाली गेला ते मोजत नाही, किती जोर लागला ते मोजतो, असं निरीक्षकांनी रात्र रात्र व्हिडिओ बघून मिळवलेलं ज्ञान होतं. जोर मोजणारी वस्तू घरात एकच होती. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांच्या काट्यांना सील ठोकलं, त्याने न्हाणीघराबाहेरचा स्वतःचा वजनकाटा स्क्रूड्रायव्हरने उघडला, तेव्हा त्याने आधी दार लावून घेतलं म्हणतात.

"आता माझं वजन कळणार कसं?" धाकटीने विचारलं.

"वजन आहे तेवढंच आहे. फक्त कळणार नाही."

धाकटीने जरा विचार केला. "मग राहू दे तसाच," ती म्हणाली. संपूर्ण प्रकल्पाला घरातून मिळालेला हा एकमेव पाठिंबा.

काट्याचा आकडे दाखवणारा भाग फेकवेना म्हणून निरीक्षकांनी तो स्टिअरिंगच्या वर बसवला. त्यामुळे प्रत्येक ब्रेक किती किलोचा लागला ते घरच्यांना वाचता येई. "बाबा मंडईत आलेत," असं त्यांची मुलगी म्हणायची. जुना कॉम्प्युटर तापून बंद पडू नये म्हणून टेबलफॅन त्याच्याकडे वळवला. निरीक्षक घामाने निथळत आणि कॉम्प्युटर गार वाऱ्यावर बसे. टीव्ही तर पहिल्याच दिवशी जप्त झाला होता.

शर्यतीच्या रविवारी सासरेबुवा पंच म्हणून धाकट्यांकडे आले. कॉट नसल्याने त्यांना स्टुलावर बसवण्यात आलं. फोन स्पीकरवर टाकून शिलाई मशीनवर ठेवला. त्या टोकाला डॉक्टर आणि थोरली.

"निरीक्षकसाहेब, पट्टा बांधलात का?" डॉक्टरांचा आवाज आला.

"पट्टा नाहीये. तांदूळ आहे."

"काय आहे?"

"तुम्ही तुमचं बघा! कुठलं बटण?"

"यादी उघडा. हिरवं बटण दाबा. दहा फेऱ्या. बाकी सगळं ते आपोआप करतं, महागाचं आहे."

निरीक्षकांनी यादी उघडली, हिरवं बटण दिसलं, दाबलं. त्या बटणावर काहीतरी लिहिलेलं होतं. पण सूचना वाचणं हे दुकानदारांचं काम, असं त्यांचं नोकरीतलं मत होतं.

दिवे लागले, विझले, निरीक्षक सुटले. पहिली अख्खी फेरी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"डॉक्टर, कुठे आहात? दिसत नाही!"

"तुम्हीच कुठे दिसत नाही! मागे राहिलात वाटतं!"

दुसऱ्या फेरीला सुरुवात झाली आणि निरीक्षकांच्या शेजारून एक गाडी निघाली. काचेची असावी तशी. तिच्यातून पलीकडचं गवत दिसत होतं.

"आले! डॉक्टर आले!" निरीक्षक ओरडले.

"तुम्हीपण दिसलात!" फोन ओरडला. "पण असे आरपार का दिसता हो? बनवताना काही घालायचं राहिलंय का?"

"मी आरपार? तुम्ही अर्धवट दिसताय! एवढा पैसा ओतून निम्मीच गाडी मिळाली का?"

"तुमचं इंटरनेट स्वस्तातलं आहे, म्हणून!"

निरीक्षकांनी पेडल दाबलं. शिलाई मशीनच्या सवयीने ते आधी काहीच करत नसे आणि मग सगळं एकदम करे. गाडी उसळली. पुढच्या वळणावर काचेची गाडी भलतीकडे घसरली, मातीत गेली, परत आली.

"बघा बाबा, बघा!" निरीक्षकांना राहवेना. "हे यांचं ड्रायव्हिंग! एवढं सोपं वळण! शेजारी बसलेल्या माणसाच्या पोटातलं पाणी हलेल!"

"आडदांडासारखं घेतलं खरं," सासरेबुवांनी कबूल केलं.

"ब्रेक कुठे मारायचा तेच कळत नाही या माणसाला. बघा, पुन्हा उशीर केला."

"आणि तुम्ही डावीकडे का ओढताय सारखी?" फोनमधून डॉक्टर म्हणाले.

"मी? तुम्हीच ओढताय डावीकडे!"

इकडे धाकटीने बाही हातात घेतली होती. मशीन चालणार नव्हतं, म्हणून ती हाताने टाके घालत होती आणि फोनच्या जवळ होती.

"ताई," ती हळूच म्हणाली, "तुमच्याकडे पाऊस आहे का गं?"

"नाही बाई. लख्ख ऊन आहे."

"बाहेरचं नाही. टीव्हीतलं."

"टीव्हीतलंच सांगतेय. का गं?"

"आमच्याकडे धो धो पडतोय."

थोरलीने टीव्हीकडे नीट पाहिलं. "तुमच्याकडे बोगदा आहे?"

"नाही. पूल आहे."

"अगं बाई."

"सांगू का यांना?"

"कशाला? पंधरा वर्षांत पहिल्यांदा आमचा हा माणूस रविवारी एका जागी बसलाय. किती फेऱ्या राहिल्या?"

"चार."

"मग तेवढ्यात मी केस धुऊन येते."

मागच्या खोलीतून मुलीने ओरडून विचारलं, काय झालं. धाकटी म्हणाली, काही नाही, बाबा जिंकतायत.

नवव्या फेरीला निरीक्षकांच्या ब्रेकने एकाहत्तर किलो दाखवले. तांदळाचा डबा कुरकुरला. स्टुलावरचे सासरेबुवा नकळत उजवा पाय जमिनीवर दाबत होते. पुलाआधीच्या शेवटच्या वळणावर काचेची गाडी नेहमीसारखी उशिरा थांबली, नेहमीसारखी बाहेर गेली, आणि निरीक्षक जन्मात पहिल्यांदा डॉक्टरांच्या पुढे निघाले. समोर मोकळा रस्ता होता. कुणाची मान नव्हती.

"जिंकलो!" निरीक्षक ओरडले.

"जिंकलो!" फोन ओरडला.



"डॉक्टर, खोटं बोलू नका. मी तुम्हाला मागे टाकलं. पुलावर."

"कुठला पूल? मी तुम्हाला बोगद्यात मागे टाकलं."

"पंच!" दोघं म्हणाले.

सासरेबुवा उठले, चष्मा पुसला, टीव्हीजवळ गेले आणि मोठ्याने वाचू लागले. "सराव संपला. क्रमांक पहिला." निरीक्षकांनी मूठ आवळली. "एकूण स्पर्धक, एक."

"म्हणजे?"

"खाली अजून काहीतरी बारीक लिहिलंय. पारदर्शक गाडी ही तुमचीच आधीची सर्वोत्तम फेरी आहे."

फोनमध्ये थोरलीचा आवाज आला. तीही केसांना टॉवेल गुंडाळून तेच वाचत होती, एकूण स्पर्धक, एक. डॉक्टर म्हणाले, हा सॉफ्टवेअरचा दोष आहे. निरीक्षकांनी ती बारीक ओळ स्वतः पुन्हा वाचली. आडदांडासारखं वळण कोण घेत होतं, ते त्यांना हळूहळू उमगत होतं.

"पुन्हा लावू," ते शेवटी म्हणाले. "डॉक्टर, या वेळी सगळं वाचून. बाबा, बसा."

"आता मला निघायला हवं," सासरेबुवा म्हणाले. "बस चुकेल."

"बस? गाडी कुठेय?"

"विकली की. मागच्या आठवड्यात."

फोनमधून डॉक्टरांनी आणि सीटवरून निरीक्षकांनी एकदमच विचारलं, "कशाला?"

"गॅरेजवाला महिन्यापूर्वीच म्हणाला, इंजिन बसलंय. करण्यात अर्थ नाही."

"मग आम्हाला सांगितलं का नाही, बाबा?"

"सांगणार होतो. फोन केला तेव्हा तुम्ही कॉटचे पाय कापत होतात. कापून झाल्यावर काय सांगायचं?" त्यांनी चपला घातल्या. "शिवाय डॉक्टर म्हणाले की ते सकाळी पाचला उठून सराव करतायत. बरं वाटलं ऐकून."

"कुणी घेतली?" निरीक्षकांनी विचारलं. "कितीला?"

"भंगारवाल्याने. लोखंडाच्या भावात, वजनावर."

त्याने टायरचं वजन वजा केलं होतं.