ज्याचा टॅग त्यानंच काढायचा

बळीरामनं ताट भिरकावलं. ते दामिनीच्या कपाळाला लागून फ्रिजवर आदळलं आणि वरण भिंतीवरून ओघळू लागलं.

"कोनाले इचारून गेली होती उतईले, मायच्या घरी?"

"मायले ताप होता. फोन लावला होता तुमाले. तुमी उचलला नाही."

"ड्यूटीवर फोन उचलते का कोनी?"

त्यानं तिचे केस धरून डोकं ओट्यावर आपटलं. मग पुन्हा. लेक टीना मधे पडली, तर तिला असं ढकललं की ती कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवर जाऊन पडली. शेजारच्या टीव्हीचा आवाज वाढला. नेहमीचंच होतं ते. वैशाली नगरच्या त्या गल्लीत कुणालाही विचारा, बळीरामसारखा नाकासमोर चालणारा माणूस नाही म्हणतील. दारू नाही, पत्ते नाहीत, फर्स्ट शिफ्ट सुटली की भाजी घेऊन सरळ घरी. आग लागो असल्या सरळपणाला.

कमरेचा पट्टा बाहेरच्या खोलीत खुंटीला होता. तो घेऊन येईपर्यंत दोघी आतल्या खोलीत शिरल्या होत्या. त्या दाराला कडी नव्हती, ती त्यानंच दिवाळीत लाथेनं तोडली होती. पण आता मुठीला एक लाल टॅग बांधलेला होता.

टॅग त्याच्याच ड्यूटीच्या पिशवीतला. प्लँटमध्ये मशीन दुरुस्तीला घेतलं की स्विचवर लावतात तो: 'खतरा. आदमी काम पर है. चालू न करें.' खाली नाव. ज्याचं नाव, त्यानंच तो काढायचा. मोठा साहेब आला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाही. एकदा कुणीतरी घाईत दुसऱ्याचा टॅग काढून मशीन चालू केलं आणि बळीरामचा जोडीदार रोशन त्याच्या डोळ्यांदेखत मशीनच्या फिरत्या पट्ट्याखाली चिरडला गेला. ही गोष्ट त्यानं जेवताना इतक्यांदा सांगितली होती की घरात सगळ्यांना पाठ होती.

नावाच्या जागी लिहिलं होतं, दामिनी. अक्षर तिचंच, वाकडंतिकडं. या घरात तिचं नाव कुठं लिहिलेलं तो पहिल्यांदाच पाहत होता. दारावरची पाटी त्याची, गॅसचं कार्डही त्याचंच.

"टीना, काढ थे. मस्करी नको करू."

"मेरा नाही आहे, बाबा. आईचा आहे."

एका लाथेत दार उघडलं असतं. त्याचा हात पुढं गेला आणि दोरीपाशी थांबला. त्यानं शिवी हासडली, पुन्हा हात नेला. पुन्हा तेच. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता हो, नुसती उभ्या जन्माची सवय. आत कपाट उघडल्याचा आवाज आला.

"काय करून राहिली आत?"

"काम," दामिनी म्हणाली.

तो पट्टा धरून तसाच उभा राहिला.

दार उघडलं तेव्हा आधी टीना आली. तिच्या मुठीत शिलाई मशीनवरची मोठी कात्री होती आणि टोक बापाकडं होतं. मागून दामिनी, कपाळाला ओढणी घट्ट बांधलेली, ओढणीतून रक्त फुटलेलं, हातात बॅग. तिनं टॅगची गाठ स्वतः सोडली आणि तो त्याच्या हातावर ठेवला.

"झालं माहं काम. आता चालू करा, काय करायचं थे."

बाहेर टीनाची स्कूटी सुरू झाली आणि कोपऱ्यावरून वळली. बळीराम दोन्ही हात भरलेले घेऊन उभा होता, एकात पट्टा, एकात टॅग.

शेजारच्या टीव्हीचा आवाज कमी झाला.