मानवलं म्हणे

आमच्या मलांग शहरात कुठलीच वस्तू वाईट नसते. औषधाने अंगावर पुरळ उठो, जावई उडाणटप्पू निघो, नाहीतर क्रीमने तोंड सोलून निघो, वाईट म्हणून कुणी म्हणणार नाही. 'चोचोक नाही' म्हणतील, म्हणजे मानवलं नाही. दोष वस्तूचा नाही, तुमचा. या एका शब्दावर आमच्याकडे कितीतरी लबाड माणसं सुखाने जगतात, आणि मला त्याचा मनापासून तिटकारा आहे.

माझी धाकटी बहीण मुर्तिनी, तिची मुलगी वेनिंग. लग्न ठरलं तशी वेनिंग माझ्याकडे आली. पोरगी रोज भर उन्हात स्कूटरवरून पतपेढीत कामाला जाते. तोंडासाठी म्हणून पगारातून थोडे पैसे बाजूला टाकले होते.

"मावशी, जास्तीचे पैसे कशावर घालू? फेसवॉश, सीरम, का उन्हाचं क्रीम?"

"जे धुऊन मोरीत जाणार ते स्वस्तातलं घे," मी म्हटलं. "दुकानातली ती पोरगी गालावर बोट फिरवून काय वाट्टेल ते सांगेल, तिला त्याचाच पगार आहे. रात्रीला औषधाच्या दुकानातलं साधं मलम बास. हात सैल सोडायचाच तर उन्हाच्या क्रीमवर सोड, दिवसभर तेच तोंडावर राहतं. आणि बोटाला पुसल्यासारखं लावू नकोस, भरपूर लाव."

वेनिंगला पटलं होतं. पण तेवढ्यात तिची आई तिला भिशीला घेऊन गेली.

ही भिशी साखर कारखान्यातल्या बायकांची. भरते मॅनेजरच्या बायकोकडे, इबू हेंदार्तोंकडे; आमच्याकडे मोठ्या बाईला मानाने इबू म्हणतात. मुर्तिनीचा नवरा त्याच मॅनेजरच्या हाताखाली कारकून, आणि बदल्यांचे दिवस जवळ आलेले. इबू हेंदार्तो एका हाताने भिशी गोळा करतात आणि दुसऱ्या हाताने 'पर्माता' नावाचं क्रीम खपवतात. मोत्याच्या रंगाची डबी, सोनेरी झाकण. कुणी बनवलं ते डबीवर कुठेच नाही, किंमत मात्र ठसठशीत.

वेनिंग भोळी. तिने सगळ्यांना सरळ विचारलं, "तुम्हाला कसं वाटलं हे?" सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, मानवलं. इबू पुजियाती तर स्वतःच्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "बघ ना, कशी तुकतुकी आलीये." त्या गालांवर तुकतुकी होती ती तळलेल्या केळ्यांच्या तेलाची. पण पोरीने एवढ्या मोठ्या बायकांवर विश्वास ठेवला आणि बाजूला टाकलेले सगळे पैसे त्या डबीत घातले.

काही दिवसांतच गाल लालभडक झाले आणि कपाळाची सालं निघायला लागली. इबू हेंदार्तोंचा निरोप आला, आतलं विष बाहेर पडतंय, आता याच्या वरची डबी घे. नवरी सजवणारी बाई घरी येऊन बघून गेली. आमच्याकडे नवरीच्या कपाळावर काळ्या लेपाने महिरप काढतात, त्याशिवाय ती नवरी दिसत नाही. बाईने वेनिंगच्या कपाळाला बोट लावलं आणि पोरगी कळवळली. "असंच राहिलं तर मी लेप लावणार नाही," बाई म्हणाली. "लग्न पुढे ढकला नाहीतर दुसरी बघा."

मी तडक पुजियातीचं घर गाठलं. "खरं सांग, लावतेस का तू ते?"

"टाचांना लावते," ती म्हणाली. "भेगांवर बरं पडतं."

भिशीतल्याच इबू सुमाराहने तर आपली डबी स्वयंपाकीणबाईला देऊन टाकली होती. "नाही कसं म्हणायचं गं? त्यांच्या घरी बसून, त्यांचा चहा पिऊन?" म्हणजे एकीनेही तोंडाला बोटभर लावलं नव्हतं, भिडेपोटी सगळ्यांनी मानवलं म्हटलं आणि एका पोरीचं तोंड भाजलं. वर यांना आपण शालीन असल्याचा अभिमान. मला यांच्या शालीनपणाची किळस आली.

पुढच्या भिशीला मी वेनिंगबरोबर मुद्दाम गेले. ती कपाळावर ओढणी ओढून बसली होती. इबू हेंदार्तोंनी गोड हसून वरच्या दर्जाची डबी पुढे केली. मी तोंड उघडणार, तोच वेनिंगने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. डबी तिने दोन्ही हातांनी घेतली, झाकण काढलं आणि मान खाली घालून परत इबूंपुढे धरली.

"इबू, माझंच लावायचं काहीतरी चुकत असेल. एकदा तुमच्या गालाला लावून दाखवाल का? म्हणजे मी शिकेन."

इबू हेंदार्तोंनी डबीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मला नाही गं मानवत ते," त्या म्हणाल्या. "माझी त्वचा फार नाजूक."

मला वाटलं, आता तरी यांची तोंडं उघडतील. उघडली. पुजियाती म्हणाली, "असतं हो एकेकीचं." सुमाराहने मान डोलावली, "नाजूक त्वचेला जपावंच लागतं." मग केळ्यांची ताटली फिरली आणि भिशीची चिठ्ठी निघाली. मी बोलायला उठले तर माझ्या सख्ख्या बहिणीने माझी बाही खाली ओढली. आणि दुसरा हात वर करून म्हणाली, "इबू, वेनिंगसाठी ती वरची डबी आमच्याकडे राहू द्या."

वेनिंगने आईकडे पाहिलं. मग कपाळावरची ओढणी मागे सारली. सोललेलं, ओलं कपाळ दिव्याच्या उजेडात सगळ्यांना दिसलं.

"आई," ती म्हणाली, "बाबांची बदली टळावी म्हणून तू माझं तोंड खर्ची घालतेयस का?"

आवाज चढलेला नव्हता. विचारावं तसं विचारलं पोरीने. मुर्तिनीने तिच्या कपाळाकडे पाहिलंसुद्धा नाही. तिचं लक्ष इबू हेंदार्तोंकडे होतं.

"हळू बोल," ती म्हणाली. "ऐकू जाईल त्यांना."