दोघी जावांचा बाथरोब

कात्री कोणी बोथट केली, एवढ्यावरून दोघी जावांनी तीन महिने अबोला धरला होता. घरात एक वेळ खपलं असतं. पण कारखाना म्हणजे घराचीच पुढची खोली, आणि काम असं की एकीवाचून दुसरीचं पान हलत नाही. धाकटीने टर्किश टॉवेल नाहीतर बाथरोब रिंगमध्ये ताणून बसवायचा, लवेत धागा बुडू नये म्हणून वर पातळ कागद टाकायचा, मग थोरलीने मशीनवर भरतकाम करायचं. त्यामुळे बोलणं चालायचं ते भिंतीशी. "निळा धागा कोणाला दिसला तर बरं होईल," थोरली म्हणायची. भिंत कुठली देतेय? धाकटीच द्यायची, आपटून.

त्या दिवशी हॉटेलचा नमुना होता. पसंत पडला तर वर्षभराचं काम. सासऱ्यांनी सकाळीच बजावलं, "या खेपेला घोळ झाला तर मशीन विकून टाकतो. तुमची फुगलेली तोंडं बघण्यापेक्षा रिकामी खोली बरी!" त्या मशीनवर थोरलीचा नवऱ्यापेक्षा जास्त जीव होता, आणि हे नवऱ्यालाही ठाऊक होतं.

धाकटीने रिंग लावून बाथरोब आणला. थोरलीने बघितलं, तर छातीच्या कापडाखाली पाठीचंही कापड अडकलेलं. मशीन चाललं की पुढचं-मागचं एकत्र शिवलं जाणार. सांगायला दोन शब्द पुरले असते. पण आधी तोंड कोणी उघडायचं? शिवाय रिंग लावली तिने, बोलणी तीच खाणार. मशीन विकायची धमकी त्या रागात आठवलीच नाही. थोरलीने बटण दाबलं. सहा हजार टाक्यांचा सोनेरी मुकुट, काय देखणा उतरला म्हणून सांगू! तिने मुकाट्याने घडी घालून ठेवली.

हॉटेलचे मॅनेजर हौशी निघाले. "घालूनच बघतो," म्हणाले. एक हात गेला, दुसराही गेला, पण अंग काही आत जाईना. एक खांदा वर, मान वाकडी, असे ते खोलीभर गरगर फिरले आणि धाग्यांच्या रिळांवर जाऊन आदळले. सासऱ्यांनी कसंबसं सोडवलं. माणूस भला. "उद्या दुपारी दुसरा दाखवा," म्हणाला आणि केस सारखे करत गेला.

"कोणाचा हा प्रताप?" सासरे गरजले आणि धाकटीकडे वळले. तिने मान खाली घातली. थोरलीला हेच तर हवं होतं. पण आता ते समोर घडताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

"बाबा, मला दिसलं होतं," ती म्हणाली. "दिसूनही चालवलं मी."

धाकटीने मान वर केली. "जाऊबाई," ती पुटपुटली, "रिंग लावून झाल्यावर मलाही दिसलं होतं. म्हटलं, चालवतील या, आणि खातील बोलणी."

"दुसरा बाथरोब आण," थोरली म्हणाली. "आणि आता काही दिसलं ना, तर बोंब मार गं बाई!"