तन्वीचा अर्धा तास

“गो तन्वी, हयसर ये. तांदूळ निवडूचे आसत.”

शाळेच्या स्वयंपाकखोलीतून रसिकाने हाक मारली. व्हरांड्यात बर्नादेतबाईंच्या शेजारी बसलेली तिची तिसरीतली मुलगी पुस्तक मिटून उठली.

“धा मिन्टा थांब गो, रसिका,” बाई म्हणाल्या. “आता खंय ता शब्दावर इला.”

“मगे उद्याचे तांदूळ कोण निवडतलो, बाई?”

आरोंद्याच्या त्या शाळेत रसिका मुलांचं जेवण शिजवायची. शाळा सुरू झाल्यावरच्या वाचनचाचणीत तन्वी अक्षरांपाशीच अडकली होती. ‘क’ ओळखायची, ‘कमळ’ दाखवलं की गप्प. तेव्हापासून जेवणानंतर रोज अर्धा तास बाई तिला जवळ घेऊन बसायच्या. ओळीखाली बोट धरायच्या. ती चुकली तरी त्यांचा आवाज चढत नसे.

दारातून रसिका ते बघायची. आधी बरं वाटलं. मग ते सरकणारं बोट दिसलं की तिच्या छातीत जळायला लागलं. चोवीस वर्षांपूर्वी याच बाईंनी, याच शाळेत तिला बाकावर उभं केलं होतं. “दगड आहेस नुसता,” म्हणाल्या होत्या. चौथीतच तिची शाळा सुटली.

पोटच्या पोरीचा हेवा! तिला स्वतःचीच किळस आली. तरी दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा हाक मारली. कधी पाणी, कधी केर. दोन आठवडे तो अर्धा तास असाच गेला.

दिवाळीआधी केंद्रप्रमुख चाचणी घ्यायला आले. तन्वी दोन शब्द वाचून थांबली.

“रोज बसतेस ना बाईंजवळ?” त्यांनी विचारलं.

रसिका दारातच होती. तन्वीने तिच्याकडे पाहिलंही नाही.

“माझ्या पोटात दुखायचं, सर. म्हणून उठून जायचे.”

साहेबांनी वहीत तिच्या नावापुढे पुन्हा ‘अक्षर’ हीच पातळी लिहिली आणि ते निघून गेले.

मग रसिका बाईंसमोर येऊन उभी राहिली. “तेच्या पोटात कायएक दुखा नाय होता. मीच उठवी होतंय.”

“माका दिसा होता ता. पण कित्या गो?”

कारण सांगायचं सोडून तिनेच एकदम विचारलं, “माका कित्या नाय असा जवळ बसवलात? माजा काय चुकला होता?”

बाईंनी चष्मा काढला. निवृत्तीला दीडच वर्ष उरलं होतं त्यांच्या.

“तुजा कायच चुकला नाय,” त्या हळूच म्हणाल्या. “माकाच तेवा शिकवूक येय नाय होता.”

बाईंनी तन्वीला हाक मारली, चटई अंथरली.

रसिकाने रोज दारातच घासायचा तो आमटीचा मोठा टोप उचलला आणि तो शाळेमागच्या विहिरीवर नेला. तिथून व्हरांडा दिसत नव्हता. टोप घासल्याचा खडखडाटही तिथून व्हरांड्यापर्यंत पोहोचत नव्हता.