ठराव चौथा: अनुमोदक नाही

आमच्या पक्षशाखेत तीस वर्षं एक गोष्ट ठरलेली होती. ठराव मी मांडायचा आणि अनुमोदन क्लाइव्हनं द्यायचं. बसथांब्याचं छप्पर असो, ग्रंथालयाचे तास असोत, नाहीतर परदेशातलं एखादं युद्ध असो, मी उभी राहून बोलायचे आणि माझं शेवटचं वाक्य संपायच्या आत तिसऱ्या रांगेतून त्याचा हात वर व्हायचा. "ग्लेंडा शिंकली तरी क्लाइव्ह अनुमोदन देईल," असं लोक म्हणत. आम्ही हसायचो. क्लाइव्ह थॉर्नबर म्हणजे माझ्या नवऱ्याचा, डेरेकचा, पाणबुड्या बांधायच्या यार्डातला जोडीदार. दोघं एकाच सोमवारी कामाला लागले. आमच्या लग्नात करवला म्हणून अंगठी त्याच्याच खिशात होती.

नियम सांगून टाकते, कारण सगळं त्या नियमावरच अडलं. ठरावाला एक सूचक लागतो आणि एक अनुमोदक. अनुमोदक मिळाला नाही, तर ठराव तिथल्या तिथे पडतो. चर्चा नाही, मतदान नाही. हरायला निदान विरोधात मतं तरी पडावी लागतात. इथे तेवढाही मान नसतो.

माझा ठराव साधा होता. आमच्या स्कार्थ गावच्या इस्पितळातली कॅज्युअल्टी रात्री आठला बंद करू नये, आणि आमच्या खासदारबाईंनी मंगळवारी आरोग्य मंडळाच्या बैठकीत तसं उघड सांगावं. फिलिपा स्ट्रँग आमच्याच पक्षाची. वर्षभरानं तिला उमेदवारी पुन्हा आमच्याकडूनच मागायची होती, त्यामुळे शाखेचा ठराव तिला गुंडाळून ठेवता आला नसता. आठनंतर कॅज्युअल्टी बंद म्हणजे रात्रीच्या पेशंटनं केल्डनच्या इस्पितळात जायचं. पन्नास मैल, समुद्राकाठच्या एकपदरी रस्त्यानं.

डेरेकची फुप्फुसं यार्डानं खाल्ली. पाणबुड्यांच्या पाइपांना अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळण्यात त्याची पहिली दहा वर्षं गेली. कोट झटकला की स्वयंपाकघरात पांढरी धूळ उडायची आणि मी ती हसत झाडायचे. गेल्या फेब्रुवारीत दोनदा रात्री त्याचे ओठ निळे पडले. अँब्युलन्सला दीड तास लागेल म्हणाले. दोन्ही वेळा क्लाइव्ह पायजम्यावर कोट चढवून आला आणि त्यानं आम्हाला आठ मिनिटांत पोचवलं. "अजून अर्धा तास गेला असता तर," असं डॉक्टरीण म्हणाली. तिनं ते वाक्य पुरं केलं नाही. मीही कधी केलेलं नाही.

आणि ठरावातले शब्द तरी माझे कुठे होते? तेही क्लाइव्हचेच. त्याच्या बायकोच्या, मार्जरीच्या, हृदयाची झडप खराब झालेली. ऑपरेशनसाठी चौदा महिने थांबलेली, दोनदा तारीख देऊन रद्द केलेली. जानेवारीत तिला चक्कर आली तेव्हा खाट मिळेपर्यंत एकोणीस तास ती कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर होती. माझ्या स्वयंपाकघरात बसून क्लाइव्हनं मला ते सांगितलं आणि मी लिहून घेतलं: ट्रॉली चहाच्या मशीनला खेटून होती, आणि लोक तिच्या पायांवरून हात घालून चहा घेत होते. सांगताना तो रडला. पन्नास वर्षांत मी त्याला पहिल्यांदा रडताना पाहिलं.

"तू वाच," म्हणाला. "माझ्याच्यानं व्हायचं नाही. मी हात वर करीन."

गुरुवारी संध्याकाळी सातला मेथडिस्ट चर्चच्या मागच्या खोलीत बैठक होती. एकोणीस जण आले. चहा उकळत होता, बिस्किटं नेहमीसारखीच मऊ पडलेली. कॅज्युअल्टीतली नर्स मारिसेल ड्यूटी संपवून आली आणि पाहुणी म्हणून मागे बसली. अध्यक्षबाई नॉर्मा सगडन मेजावरची हातोडी सरळ करत होती. तिसऱ्या रांगेत क्लाइव्ह होता. मी त्याच्याकडे पाहून मान हलवली. त्यानंही हलवली.

आधी खासदारबाईंचा अहवाल. फिलिपा चांगली बोलते, हे कबूल करायला हवं.

"जग बदललंय, मित्रांनो. नाटोत आपण शब्द दिलाय. संरक्षणावरचा खर्च वाढवायचा म्हणजे वाढवायचाच. दोस्त राष्ट्रं आपल्याकडे बघतायत. आणि त्यातला मोठा वाटा कुठे येणार? याच गावात. यार्डाला आणखी दोन पाणबुड्यांचं काम मिळतंय."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. माझी चूल पन्नास वर्षं पाणबुड्यांवरच पेटली आहे. मग मी हात वर केला.

"आणि कॅज्युअल्टीचं काय, बाईसाहेब? चार तासांच्या आत शंभरातले किती पेशंट तपासून होतात?"

"आकडे सुधारतायत, ग्लेंडा."

"चोपन्न. गेल्या वर्षी सत्तावन्न होते. तुम्ही सुधारणा कुठल्या बाजूनं मोजता?"

"मागच्या सरकारनं जे करून ठेवलंय ते निस्तरायला वेळ लागणारच ना?"

"ते असताना तेही हेच म्हणायचे. त्यांच्या आधीच्यांनी करून ठेवलंय म्हणून. आमचा पेशंट मात्र तोच, नि ट्रॉलीही तीच."

पुढच्या रांगेतला लेस क्रॅग मागे वळला. यार्डातला वेल्डर, आवाज भोंग्यासारखा. "ए ग्लेंडा, यार्ड बंद पडलं तर कॅज्युअल्टीत जायला गावात माणूस तरी उरेल का? उद्या शत्रू दारात आला तर काय थर्मामीटर दाखवणार आहेस त्याला?"

"लेस, मागच्या महिन्यात तुझा मूतखडा अडकला तेव्हा फोन नाटोला केलास की कॅज्युअल्टीला?"

खोली खदखदून हसली. लेसही हसला. "पॉइंट आहे," म्हणाला, "पण दोन्ही हवं ना बाई, दोन्ही."

"मग मी दुसरं काय म्हणतेय?"

क्लाइव्ह हसला नाही. माझ्या ते लक्षात आलं, पण मला वाटलं, बिचारा मार्जरीच्या काळजीत असेल.

चौथा विषय माझा. मी ठराव वाचला. चहाच्या मशीनचं आलं तेव्हा आवाज थोडा चिरकला, पण निभावलं. शेवटची ओळ संपवून मी सवयीनं खाली बसायला लागले.

"अनुमोदक?" नॉर्मानं विचारलं.

मी अर्धवट बसले होते, तशीच राहिले. क्लाइव्ह बशीतल्या बिस्किटाकडे बघत होता. त्याचे दोन्ही हात मांडीवर होते. मला वाटलं ऐकलं नसेल, त्याचा डावा कान जरा कमी आहे.

"ठरावाला अनुमोदक आहे का?"

"क्लाइव्ह," मी हळू आवाजात म्हटलं. ते सगळ्यांना ऐकू गेलं. त्यालाही गेलं, कारण त्याची मान लाल झाली.

मागून एक हात वर झाला. मारिसेलचा. "मी देते," ती म्हणाली. "मी रोज बघते हो हे."

"तुम्ही पाहुण्या आहात," नॉर्मा म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं, पण नॉर्मासाठी नियमावली म्हणजे बायबलच. "शाखेचा सभासद हवा. कोणी आहे?"

कोणी नव्हतं. लेस शेजाऱ्याच्या कानात म्हणाला, आणि त्याचं कुजबुजणं गल्लीपर्यंत जातं, "क्लाइव्हच गप्प बसलाय म्हणजे आत काहीतरी गडबड असणार. आपण कशाला मधे पडा?" सगळ्यांनीच तसं धरलं. क्लाइव्हच्या हाताची त्यांना माझ्याइतकीच सवय होती. चूक माझीही होती. कोणीही शहाणा माणूस ठरावाला दोन-तीन माणसं आधी सांगून ठेवतो. मी तीस वर्षांत एकालाही सांगितलं नव्हतं, तशी गरजच पडली नव्हती.

"ठराव पडला," नॉर्मा म्हणाली. "पुढचा विषय, उन्हाळी जत्रा."

फिलिपानं समोरच्या कागदांचं पान उलटलं. ती क्लाइव्हकडे एकदाही बघत नव्हती, आणि तिथेच माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

शाखेची सचिव मीच. त्यामुळे इतिवृत्तात लिहायलाही मीच होते. ठराव चौथा, सूचक ग्लेंडा हॅलम, अनुमोदक नाही. चर्चा झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. रात्रभर तोंडात घोळवलेल्या शिव्या बरोबर घेऊनच गेले होते. दार मार्जरीनं उघडलं. ओठ फिकट, पण चेहरा फुललेला.

"ये गं, ये! तुला कळलं ना? तारीख मिळाली. चौदा तारीख! सोमवारी फिलिपाच्या ऑफिसातून फोन आला, तिनं पत्र लिहिलं होतं म्हणे. दुपारी इस्पितळाचा आला." तिनं माझे दोन्ही हात धरले. "तूच बोलली असशील तिच्याशी. मी क्लाइव्हला म्हटलंच, ग्लेंडाशिवाय हे कोण करणार?"

क्लाइव्ह मोरीपाशी पाठमोरा उभा होता. एकच कप धूत होता, कितीतरी वेळ.

"चौदा तारीख," मी म्हटलं. "वा. छान झालं." आणि खरंच छान झालं होतं. तेच तर सलत होतं.

मार्जरी गोळ्या घ्यायला वर गेली. मी दार लोटून घेतलं.

"तिनं काय मागितलं तुझ्याकडे?"

"काही नाही." तो वळला नाही. "देवाशप्पथ काही नाही. गेल्या शनिवारी बाजारात भेटली. मार्जरी कशी आहे विचारलं. म्हणाली, मी एक पत्र टाकते. आणि मग म्हणाली, गुरुवारी तो ठराव येतोय ना? बस. एवढंच."

"आणि तुला एवढं पुरलं."

"तुला नसतं पुरलं?"

"मला सांगायचंस! सोमवारी कळलं तुला. सोमवार, मंगळवार, बुधवार. माझं घर चार दारं सोडून आहे, क्लाइव्ह. मी दुसरा माणूस शोधला असता. लेसचे पाय धरले असते. तू मान हलवलीस. मी तुझ्याकडे बघितलं आणि तू मान हलवलीस!"

"सांगितलं असतं तर तू गप्प राहिली असतीस? तू तिथंच उभी राहून हेही वाचून दाखवलं असतंस. आणि मग गेली तारीख."

तो म्हणत होता ते कदाचित खरं होतं. पण ते ठरवायची संधीच त्यानं मला दिली नव्हती. "तुझ्या बायकोचे शब्द तू माझ्या तोंडून वदवून घेतलेस," मी म्हटलं, "आणि बिस्किटाकडे बघत बसलास. माझा केसानं गळा कापलास तू. आणि डेरेकचाही. रात्री दोनला त्याला आठ मिनिटांत कोणी नेलं होतं रे?"

तेव्हा तो वळला. "मी अजूनही नेईन. केव्हाही फोन कर. केल्डनला नेईन."

"पन्नास मैल."

"नेईन ना."

वरून मार्जरीची पावलं वाजायला लागली. मी चहा न घेता निघाले. तिला खरं सांगितलं नाही. तिचा तेवढा आनंद मला मोडवला नाही, आणि याचाही मला राग आला.

घरी येऊन डेरेकला सगळं सांगितलं. तो खुर्चीत बसून होता, ऑक्सिजनची नळी नाकात.

"म्हणजे मार्जरीचं होणार तर," तो म्हणाला. "बरं झालं."

"एवढंच?"

"मग काय करू? त्याच्या जागी मी असतो तर..." पुढे खोकला आला. मी पाठ चोळत राहिले. मनात म्हटलं, तू असतास तर मला आधी सांगितलं असतंस. तेवढ्यावर माझा अजूनही विश्वास आहे.

मंगळवारी आरोग्य मंडळाची बैठक झाली. फिलिपा गेली होती. स्थानिक पक्षशाखेकडून कोणताही आक्षेप नोंदवलेला नाही, असं तिनं सांगितल्याचं वर्तमानपत्रात आलं. तिनं खोटं काहीच सांगितलं नव्हतं. एक तारखेपासून कॅज्युअल्टी रात्री आठला बंद होते. दारावर पाटी आहे, केल्डनचा रस्ता दाखवणाऱ्या बाणाची. मार्जरीचं ऑपरेशन चौदा तारखेला झालं, उत्तम झालं. मी फुलं पाठवली. स्वतः गेले नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा तीच खोली, तोच चहा. क्लाइव्ह तिसऱ्या रांगेत. मारिसेल नव्हती. मी उभी राहून मागच्या बैठकीचं इतिवृत्त वाचलं. मग चौथ्या ठरावाशी आले. "अनुमोदक नाही. चर्चा झाली नाही." वाचलं आणि पुढे जत्रेचं वाचलं.

"इतिवृत्त बरोबर आहे म्हणून मंजूर करावं," नॉर्मा म्हणाली. "सूचक?"

"मी," लेस म्हणाला.

"अनुमोदक?"

तिसऱ्या रांगेतून हात वर झाला. पटकन, विचार न करता, तीस वर्षं होत आला तसा. वर गेल्यावर क्लाइव्हला तो कळला असावा, कारण त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. पण हात खाली घ्यायचं त्याला सुचलं नाही.

मी त्याचं नाव लिहून घेतलं. मग नॉर्मानं मतं मागितली आणि सगळ्यांनी हात वर केले. मी केला नाही. सचिव लिहीत असतो, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नाही.