कारखान्याच्या हौदातला रोहू

मी रोहू बोलतोय, पुठ्ठ्याच्या कारखान्याच्या हौदातला. जरा घाईत सांगतो, कारण आत्ता मी हौदात नाही, जयवंताबाईच्या घागरीत आहे आणि इथं माझा जीव गुदमरून राह्यला.

जन्म माझा तळ्यातला. बोटाएवढा होतो तेव्हा कारभारीनं मला डब्यात घालून तीर्थपुरीच्या रस्त्यावरच्या या कारखान्यात आणलं. कारभारी म्हणजे इथल्या पाण्याच्या टाक्या सांभाळणारा माणूस. पुठ्ठा करताना काळं पाणी निघतं. ते साफ करून मगच ओढ्याला सोडायचं, अशी सरकारची अट. साफ केलेलं पाणी आधी आमच्या हौदात येतं, असं कारखानावाले सगळ्यांना सांगायचे. मासे जगले म्हणजे पाणी चांगलं.

आपल्या मालापायी पाणी किती नासलं, हे कारखान्याला दरवर्षी सरकारला कळवावं लागतं. मॅनेजर अप्पाराव ते एका वाक्यात उरकायचे. "आमचे मासे बघा ना, साहेब." पाहणीला आलेले सरकारी साहेब वाकायचे, मुरमुरे टाकायचे आणि मी ऐटीत शेपूट हलवायचो. कारखान्याच्या छापील अहवालात माझा फोटोसुद्धा आला. खोटं कशाला बोलू, लई भारी वाटलं मला.

पण कारभारी मुरमुरे टाकताना हळूच म्हणायचा, "तुझी मजा हाय बाबा. तुला बोरचं पाणी, अन् आमच्या म्हशीला ओढ्याचं." काळं पाणी भिंतीमागच्या नालीनं तसंच ओढ्याला जायचं. त्याला ठाऊक होतं. नोकरीपायी तो गप्प होता.

गेल्या आठवड्यात ती म्हैस मेली. गाभण होती. जयवंताबाई कारभारीची बायको. तिनं त्याला विचारलं, तर त्यानं मान खाली घातली. तेवढ्यावरनं ती समजली.

आज पाहणीचे साहेब आले. अप्पारावांनी नेहमीसारखं हौदाकडं बोट दाखवलं. तेवढ्यात जयवंताबाई ओढ्याच्या पाण्यानं घागर भरून घेऊन आली, टोपलीनं मला उचललं आणि घागरीत सोडलं.

"साहेब, तुमचा चहा होईस्तोर राहू द्या ह्याला ह्या पाण्यात."

"बाई, वेड लागलं का? मासा मरेल," अप्पाराव बोलून गेले.

"का बरं मरंल? तुम्हीच सोडता ना हे पाणी? चांगलं हाय म्हंता ना?"

मग अप्पाराव दबक्या आवाजात म्हणाले, "कारभारी, मासा हौदात टाक जल्दी. उद्या कामावर यायचं असलं तर."

इथं पाणी डोळ्यांना झोंबतंय. कल्ले जळतायत. वर कारभारीचा चेहरा दिसतोय. त्याचा हात पाण्यात आलाय, माझ्या पोटाखाली. मुरमुरे टाकणारा हात, लहानपणापासून ओळखीचा. त्यानं उचललं की मी वाचलो. मला जगायचंय हो, मरायची हौस कुणाला असते.

पण मी हौदात पडलो की लगेच शेपूट हलवीन. माझा स्वभावच तो. साहेब बघतील, लिहितील, मासे मजेत आहेत. मग ओढ्यावर उद्या दुसऱ्या कुणाची तरी म्हैस उतरेल, नाहीतर एखादी बाई हंडा घेऊन.

कारभारी, जरा थांब. ह्या पाण्याचं साहेबांना लिहून घेऊ दे, अजून त्यांनी पेनाचं टोपण काढलेलं नाही.